नांदूरमधमेश्वरच्या पक्षीमार्गदर्शक दादांस आभारपत्र

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

यंदा जानेवारीत आमच्या सातवीच्या वर्गाला आपण नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीकाठी पूर्ण सकाळ दिलीत. आपले आभार तेव्हाच मानले होते. परंतु मुलांना तिथे काय मिळाले हे इतर शिक्षकांनाही कळावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर चढण्याची मुलांना घाई झाली होती. आपण त्यांना काठावरच थांबवलेत, एका मुलीच्या तळहातावर गोगलगायीचा रिकामा शंख ठेवलात आणि विचारलेत, "शंख तर फुटलेला नाही, मग आतला जीव कुणी काढला?" उत्तर मात्र सांगितले नाही. पाऊण तासाने दुर्बिणीत मुग्धबलाक हा करकोचा आला, चोच मिटलेली असूनही तिच्यात राहणारी फट त्याच मुलीच्या लक्षात आली आणि ती हळूच म्हणाली, "ह्यानं काढला असणार." सजीवांचे अनुकूलन मी कित्येक वर्षे फळ्यावर शिकवत आले आहे, आधी पुरावा आणि मग नाव, हा क्रम मात्र मला आपल्याकडून मिळाला.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, त्यातून ही उथळ पाणथळ तयार झाली, १९८६ साली तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० साली ती राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली, एवढे वर्गातही सांगता येते. उथळ म्हणजे किती, हे आपण शेकाट्या पक्ष्याच्या लांब पायांवरून मोजायला शिकवलेत. तो जिथे चालत होता तिथेच चमच्या पक्षी पाण्यात चोच डावीउजवीकडे फिरवत होता, आणि पुढे खोल पाण्यात केवळ बदके व वारकरी पक्षी तरंगत होते.

पाणी कालव्यांना सुटले की काठचा चिखल उघडा पडतो आणि त्यात चोची खुपसणारे पक्षी उतरतात, हे आपण सांगितलेत तेव्हा कालव्याकाठच्या गावातला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आमच्या उसाला पाणी सुटतं, तेव्हा इथं ह्यांचं पान वाढलं जातं?" आपण त्याला नुसती शाबासकी दिली नाहीत. "पाणी फारच उतरलं तर तेच पान उचललंही जातं," असे आपण शांतपणे म्हणालात. त्या उत्तरातला प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. घरचे पीक आणि समोरचा पक्षी एकाच पाण्यावर जगतात, ही अवघड गोष्ट आपण बारा वर्षांच्या मुलांपासून लपवली नाहीत.

निघताना आपण शंख जागच्या जागी ठेवायला लावलात. मुलीने तो आठवणीने वहीत काढला आहे. त्या चित्राची प्रत सोबत पाठवत आहे. उन्हाळ्यात चिखल उघडा पडला की कृपया कळवावे. तेव्हा हाच वर्ग घेऊन पुन्हा येण्याची आमची इच्छा आहे.

आपली कृतज्ञ,
एक विज्ञानशिक्षिका, कोपरगाव तालुका