अ‍ॅमीटरवरच्या त्या चिठ्ठीबद्दल

प्रिय मामा,
सा. न. वि. वि.

हजेरीपटावर तुमचा हुद्दा 'प्रयोगशाळा परिचर' होता, पण आम्हा पोरांना तुम्ही नुसते मामा. परवा माझी लेक 'धाराविद्युत'चा धडा घेऊन बसली होती. मधेच म्हणाली, "बाबा, दिव्यात शिरतो त्यापेक्षा बाहेर पडणारा करंट कमी असणार ना? दिवा पेटतो म्हणजे काहीतरी खर्च होतच असेल की!" नववीत मीही भर वर्गात हेच म्हणालो होतो आणि सगळे फिदीफिदी हसले होते. तुम्ही तेवढे हसला नव्हता.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत. दोन सेल, टॉर्चचा दिवा, प्लग कळ. तारांची टोकं तुम्ही खिशातल्या काचपेपरने चकचकीत घासलीत. (तो काचपेपर तुमच्या खिशात पेनासारखा कायम असायचा. निम्मे प्रयोग फसतात ते तारेवरचं लाखेचं आवरण नीट न खरवडल्यामुळे, हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नसतं.) "दिवा काय करंट खातो व्हय रं? मोज की," म्हणालात. अ‍ॅमीटर, म्हणजे करंट मोजायचं मीटर, दिव्याच्या अलीकडे लावला: 0.28 अँपिअर. तोच काढून दिव्याच्या पलीकडे लावला: 0.28. मी काच पुसून पुन्हा पाहिलं.

"मग खर्च काय होतं?" असं मी विचारल्यावर तुम्ही व्होल्टमीटर काढलात. त्याची दोन टोकं आधी जोडणीच्या नुसत्या तारेवर टेकवलीत, काटा जागचा हलला नाही. मग दिव्याच्या दोन बाजूंना टेकवलीत आणि काटा पावणेतीन व्होल्टवर गेला. सेलने दिलेला जोर दिव्यात उतरतो. वाहणारा प्रभार जेवढा आत जातो तेवढाच बाहेर येतो. दोन टोकांमधल्या या जोराच्या फरकाचा 'विभवांतर' हा शब्द मी तोवर घोकला होता, दिसला त्या दिवशी.

त्यावरूनच पुढचं कोडं सुटलं. 60 वॅटचा आणि 100 वॅटचा बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकापुढे एक, लावला तर कोणता जास्त उजळेल? मी छातीठोकपणे शंभर म्हणालो. तुम्ही लाकडी फळीवरच्या दोन होल्डरमध्ये बल्ब बसवून, मला चार पावलं मागे उभं करून बटण दाबलंत. साठचाच जास्त पेटला! 230 व्होल्टवर साठच्या बल्बचा रोध (करंटला होणारा अडथळा) साधारण 880 ओम, शंभरच्याचा 530. एकसर जोडणीत दोघांतून धारा, म्हणजे करंट, एकच, मग रोध जास्त त्याच्या वाट्याला विभवांतर जास्त आणि उजेडही जास्त. (दोन्ही बल्ब मंद पेटतात, तारा कमी तापतात, त्यामुळे रोधाचे आकडे प्रत्यक्षात खाली येतात, पण नंबर बदलत नाही.) घरात हेच बल्ब समांतर असतात, दोघांना पुरे 230 मिळतात, म्हणून तिथे शंभरचाच वरचढ.

पुढे कधीतरी वाचलं की ज्याच्या नावाचा नियम आपण शिकतो तो ओम कलोनमध्ये शाळेतच शिकवायचा. त्या काळच्या सेलचा दाब टिकेना, म्हणून त्याने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात; तापमानाच्या त्या फरकातून मिळणारा दाब स्थिर राहायचा. 1827 साली त्याचं पुस्तक आलं. वाचताना मला तुमचा आवाज ऐकू आला: "रीडिंग झालं की कळ काढ रं, सेल उतरत्यात!"

आता कबुली. तुमच्या त्या प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात सर बाहेर गेले असताना मी अ‍ॅमीटर थेट सेलच्या दोन टोकांना जोडला होता, व्होल्टमीटर जोडतात तसा. त्याचा स्वतःचा रोध नगण्य, त्यामुळे काटा खाडकन शेवटच्या खुंटीवर आदळला आणि मागे वाकला. मी तो गुपचूप कपाटात ठेवून दिला. मला जवळ घेऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "पाण्याचं मीटर नळाच्या मधी बसवत्यात का टाकीला टांगत्यात?" सरांना काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या अ‍ॅमीटरच्या काचेखाली तुमच्या अक्षरात कागदाची पट्टी चिकटवलेली होती: 'दोन घरं मिळवणे.'

वरचं 0.28 हे दोन घरं मिळवूनच लिहिलं आहे, मामा.

तुमचा,
शेवटच्या बाकावरचा