आधी पाईप टाका, मग 6जी बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सगळीकडं 6जी 6जी (5जीच्या पुढचं मोबाईल नेटवर्क) चाललंय म्हणून लिहायला बसलो, कारण आमच्याकडं अजून सोप्यातला वायफाय माजघरात पोचत नाही. घर आजोबांच्या वेळचं, जांभ्याच्या भिंती दीड हात जाड. राऊटर 5 गिगाहर्ट्झवर ठेवला की सोप्यात नुसता पळतोय आणि माजघराचा उंबरा ओलांडला की गप्प, 2.4 वर केला तर चुलीपर्यंत जातो पण रडत रडत. आधी मला वाटलं राऊटरच फालतू, दुकानदाराला दोन शिव्या पण हासडल्या (बिचाऱ्याची काय चूक नव्हती).

तर गंमत ही की फ्रिक्वेन्सी (रेडिओची लाट सेकंदाला किती वेळा हलते ते, मेगाहर्ट्झ-गिगाहर्ट्झमध्ये मोजतात) वाढली की डेटाला जागा भरपूर मिळते, पण लाट आखूड होते. 700 मेगाहर्ट्झची लाट जवळजवळ 43 सेंटिमीटर, आणि 2022 च्या लिलावात 5जीसाठी जो 26 गिगाहर्ट्झचा पट्टा विकला त्याची साधारण साडेअकरा मिलिमीटर. एवढीशी लाट आडोशाला वळत नाही, भिंतीत मुरते, झाडाचा पाला आडवा आला तरी दमते, आणि जोराच्या पावसात तर आणखीनच. आता आमच्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी, जांबोटीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला जास्त सांगायला नको. 60 गिगाहर्ट्झला तर हवेतला ऑक्सिजनच गिळतो, म्हणून ते एका खोलीपुरतं बरं. हे काय आजचं नाही बरं का, जगदीशचंद्र बोसांनी 1895 च्या सुमाराला कलकत्त्यात असल्या मिलिमीटर लाटा करून दाखवल्या होत्या.

म्हणजे असल्या वरच्या फ्रिक्वेन्सी, ज्या 6जीत आणखी वर न्यायचं बोलणं चाललंय, त्या वाईट आहेत असं नाही. बेळगावच्या खडेबाजारात सणाची गर्दी, गणपती विसर्जनाची मिरवणूक, कॉलेजचा हॉल, जिथं हजारभर मोबाईल एकदम लागतात तिथं खांबाखांबावर छोट्या अँटेनाचे डबे लावले की कामच होतंय. पण त्या प्रत्येक डब्याला मागनं फायबर (काचेच्या तंतूची केबल) लागते की! वायरलेस म्हणायचं आणि वायर दुप्पट. ते कोण बोलत नाही.

आणि खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांना 26 गिगाहर्ट्झ काय चाटायचाय? तिथं 700 वाला लांब जाणारा टॉवर पाहिजे. आमच्या उचगावच्या बाजूला तर शेतात गेलं की कधी कधी महाराष्ट्रातल्या चंदगडकडचा टॉवर पकडतो, मोबाईलला सीमाप्रश्न ठाऊक नाही.

माझं म्हणणं एवढंच, पाण्याच्या पाईपसाठी रस्ता उकरतात, बुजवतात, परत केबलसाठी उकरतात, त्यापेक्षा उकरलाच आहे तर त्याच चरीत फायबरसाठी एक मोकळा पाईप टाकून ठेवा. नवीन घर बांधणाऱ्यांनी पण स्लॅब ओतायच्या आधी खोलीखोलीत नळी सोडावी. आम्ही आता जांभ्याला भोक पाडायला माणूस शोधालोय, दोघं बघून गेले, परत आले नाहीत.

आपला,
एक वाचक, उचगाव (ता. बेळगाव)