डिपॉझिट मी परत केलं

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, आधी पूर्ण वाचा, मग फोन करा. कोथरूडच्या फ्लॅटसाठी जळगावच्या त्या मुलाने दिलेलं साठ हजारांचं डिपॉझिट मी काल त्याच्या खात्यात परत पाठवलं. सगळं. एक महिन्याचं भाडं कापून घे, असं तुम्ही म्हणाला होतात, ते माझ्या लक्षात आहे.

पण कापायचं कशापोटी? तुम्ही खास साताऱ्याहून आलात आणि तुमचा अंगठाच त्या मशीनवर उमटेना, म्हणून भाडेकराराची नोंदणी पुढे गेली. तेवढ्यात कंपनीने त्याची नोकरी रद्द केली. त्याने किल्लीसुद्धा घेतली नव्हती. एजंट म्हणतो, अशा वेळी पैसे कापायची रीतच आहे. असेल, आपल्या कागदावर तसं अक्षरही नव्हतं. शिवाय १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचंच म्हणणं धरतात. भांडलो असतो तर आपलीच बाजू लंगडी पडली असती.

घर महिनाभर रिकामं राहिलं, हे नुकसान खरंच आहे. तुम्ही काही लोभाने म्हणाला नव्हतात, तेही मला कळतं. पण आपण वाडा सोडला तेव्हाचं आठवा ना. टेम्पोत सामानावर बसून तुम्ही मला मांडीवर झोपवलं होतंत. मी झोपले नव्हते, बाबा. तुमचं आणि आईचं सगळं बोलणं ऐकत होते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या पैशांना हात लावलेला नाही. मावशींचा पगार, औषधं, दूध, सगळं नेहमीसारखं चालेल. गीझर रविवारी बसेल. आई, तोवर पाणी गॅसवर तापव. गार पाण्याने अंघोळ केलीस तर मला मावशींकडून कळतंच.

नवा भाडेकरू मीच बघते. मधल्या काळात कुणाकडून रोख टोकन घ्यायचं नाही. नोंदणी आणि पोलिसांकडची माहिती झाल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, मग तो शेजारच्या काकांचा भाचा का असेना. अंगठ्याचं त्या एजंटशी बोलून ठेवलंय. या वेळी तो साताऱ्याला घरी येईल, तुम्ही एसटीत बसायचं नाही.

त्या मुलाचा फोन आला तर नीट बोला. आईने लाडू दिलेला डबा त्याच्याकडे राहिलाय, तो कुरिअर करणार आहे. पत्ता दिलाय मी.

तुमची,
मनू