खरेदीखतावरचा अंगठा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या महिन्यात प्लॉटच्या खरेदीखतावर तू अंगठा दिलास, तेव्हापासून हे पत्र लिहायचे मनात होते. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीच्या, यंत्रातून खात्यातले पैसे काढता येतात. तिथे ओटीपी लागत नाही आणि पिनही लागत नाही. नोंदणीकृत दस्तांच्या प्रतींवरून ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे साचे बनवून लोकांची खाती रिकामी केल्याचे गुन्हे आपल्या देशात घडलेले आहेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून तुझे बायोमेट्रिक आजच लॉक कर. सिमकार्ड घेताना वगैरे ठसा द्यावा लागला, तर ते थोड्या वेळापुरते उघडता येते.

आजीचे मात्र मी लॉक केलेले नाही. रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर तिला अंगठा लावावा लागतो; कामाने झिजलेली तिची बोटे आधीच दोन-तीनदा टेकवावी लागतात, त्यात आणखी अडथळा नको. तिच्या खात्यातून आधारवर पैसे काढण्याची सोयच बँकेत अर्ज देऊन बंद करून घेतली आहे.

मोबाइलवरच्या ठशाची गोष्ट वेगळी आहे. तो फोनच्या सुरक्षित भागातच राहतो आणि बँकेच्या अ‍ॅपला तो जुळला की नाही एवढेच कळते, तेव्हा तो खुशाल वापर. पण फोन बंद करून चालू केला की आधी पिनच मागितला जातो, आणि ज्याला पिन ठाऊक आहे तो स्वतःचे बोटही त्यात नोंदवू शकतो. तुझा पिन म्हणजे तुझी जन्मतारीख, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. भरलेल्या बसमध्ये उभ्याने फोन उघडताना शेजारच्याच्याही तो सहज लक्षात राहील. सहा आकडी, कोणत्याही तारखेशी संबंध नसलेला पिन ठेव.

ईमेलकडे सर्वांत आधी लक्ष दे, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलले जातात. तिथे पासवर्डनंतर ओळख पटवण्याचा दुसरा टप्पाही लाव. त्यासाठी एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा; तरी कोणी तुझ्या नावाने डुप्लिकेट सिम काढले, तर तो त्याच्याच हाती पडेल. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला आकडा दर 30 सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो आणि त्याला रेंजही लागत नाही. पण बनावट पानावर तो आकडा तू स्वतः भरलास, तर त्याचाही उपयोग नाही. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या ठशाने किंवा पिनने खाते उघडण्याची सोय, या बाबतीत उजवी आहे, कारण ती खऱ्या संकेतस्थळाशीच बांधलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपचे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे तिथला जादा पिनही, चालू कर.

ईमेलला दुसरा टप्पा लावलास, की फोन हाताशी नसताना खाते उघडण्यासाठी गुगलकडून 10 बॅकअप कोड घेता येतील. त्यांचा स्क्रीनशॉट काढू नकोस, कारण फोन हरवला की तोही जाईल. कोड कागदावर उतरव, पाकीट चिकटवून दिवाळीला येताना घेऊन ये. मी ते न उघडता खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवीन. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर मला फोन करण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कर.

तुझे,
बाबा