सुधीरला पत्र: घोरण्यामधल्या शांततेबद्दल

कोल्हापूर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. परवा वहिनींचा फोन आला होता. तुझं घोरणं मध्येच थांबतं, छाती हलताना दिसते पण श्वासाचा आवाज नसतो, मग एकदम दचकून फुर्रकन श्वास सुरू होतो. त्या रात्रभर तुझ्याकडे बघत बसतात आणि सकाळी तू म्हणतोस, "मस्त झोप लागली." सुधीर, ही झोप नाही रे. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. माझ्या थोरल्या भावाला तो आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या फटीतून हवा जाताना टाळूचा मऊ भाग थरथरतो, ते घोरणं. वाट पुरती मिटली की आवाजही बंद होतो. वहिनींना भीती वाटते ती त्या शांततेची, आणि ती खरीच आहे. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागं करतो, घसा उघडतो. ही जाग इतकी निसटती असते की सकाळी आठवतही नाही. श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबला किंवा फार उथळ झाला, की डॉक्टर तो एक अडथळा म्हणून मोजतात. असे अडथळे तासाला 5 च्या आत असतील तर ठीक, 15 पासून मध्यम, 30 पासून तीव्र. तासाला 30 म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गुदमरणं!

रात्री तीनदा लघवीला उठतोस आणि प्रोस्टेटवर ढकलतोस. प्रोस्टेट दाखव जरूर, पण हेही ऐक. बंद घशातून श्वास ओढताना छातीत जी ओढ तयार होते तिने हृदयाचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटतं रक्तात पाणी जास्त झालंय, आणि ते मूत्रपिंडाला पाणी काढायला सांगतं. तीन गोळ्या घेऊनही न उतरणारं तुझं बीपी, सकाळची डोकेदुखी, कोरडं पडलेलं तोंड, दुपारी मीटिंगमध्ये मिटणारे डोळे, हे सगळं एकाच धाग्यातलं असू शकतं. असंच वर्षानुवर्षं चालू राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, मधुमेह यांचा धोका वाढतो. 2022 च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण सांगितलं होतं.

"मी कुठे जाडा आहे?" असं म्हणशील. वजनाने धोका वाढतो हे खरं, पण आपल्याकडे जबड्याच्या ठेवणीमुळे बेताच्या वजनाच्या माणसांनाही हा त्रास होतो. बायकांनाही होतो, विशेषतः पाळी गेल्यावर. त्यांच्याकडे तर कुणी लक्षच देत नाही.

उपाय आहे, म्हणून तर एवढा आग्रह धरतोय. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली दाखवून दिलं की नाकावाटे हलक्या दाबाने हवा सोडली तर घसा मिटत नाही. तेच सीपॅप मशीन. दादाला पहिले काही दिवस मास्क नकोसा झाला; नाकाच्या मापाचा दुसरा मिळाल्यावर जमलं. आता तो दुपारी पेपर वाचताना पेंगत नाही, आणि वहिनी पुन्हा त्याच खोलीत झोपते.

आधी झोपेची तपासणी कर. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना विचार. बऱ्याचदा घरीच एका रात्रीत होते. तोवर कुशीवर झोप. रात्रीचा पेग बंद, आणि झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो.

आणि सोमवारी पहाटे एकट्याने गाडी काढून कसारा घाट उतरणं आधी थांबव. सिग्नलला डुलकी लागली होती हे तूच मला सांगितलंस. पंचवटी एक्स्प्रेसने जा.

रिपोर्ट आला की लगेच फोन कर. तासाला किती, ते आधी सांग.

तुझा,
विनय