बुटाची नाडी

प्रिय आजोबा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मराठी तुम्हाला वाचता येणार नाही हे ठाऊक आहे, तरी लिहिते. इंग्रजीत लिहायला बसले की 'थँक यू'च्या पुढे गाडी जात नाही.

मार्चमधल्या त्या रविवारी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये, केम्प्ली गावाबाहेरच्या कुंपणाशी साडीवर जाड कोट आणि पायात माझे बूट घालून उभी होती ती माझी आई. साताऱ्याची, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. चढून पलीकडे जायला नुसत्या दोन ओल्या फळ्या. गेल्या वर्षी अशाच फळ्यांपाशी एका ग्रुपने आम्हाला सोडलं होतं. सहल म्हणे 'सगळ्यांना जमेल अशी'! 'थांबा, आलोच' म्हणाले आणि दुसऱ्या वाटेने थेट गाड्यांपाशी पोचले. आई तेव्हा काही बोलली नाही. यंदा मात्र निघताना तीनदा म्हणाली, "माझ्यामुळे तुझा खोळंबा नको."

तुम्ही काही न विचारता शेताचं मोठं फाटक उघडलंत आणि सोबत चालू लागलात. थोड्या वेळाने बुटाची नाडी बांधायला वाकलात. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मी नीट पाहिलं, तर गाठ घट्ट होती. आईचा श्वास लागला की तुमची नाडी सुटायची! त्या वयात चिखलात असं वाकणं काही सोपं नसतं.

रानटी डॅफोडिलची फुलंही तिथेच नीट पाहिली. बागेतल्या डॅफोडिलपुढे ही जात अगदी बुटकी, वीतभर. पाकळ्या फिकट, मधला कर्णा गडद पिवळा, मान खाली. पूर्वी गावातली मुलं ती खुडायची आणि जुड्या रेल्वेने लंडनच्या इस्पितळांत जायच्या, हे तुम्ही सांगितलंत. ती 1885 ची लाइन 1959 मध्ये प्रवाशांना बंद झाली, हेसुद्धा काल घडल्यासारखं, चिडून. मी भाषांतर करत होते, आई मान डोलावत होती आणि मधेच म्हणाली, "आपल्या कासच्या सोनकीची सर नाही हो, पण गोड आहेत." हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगते.

परतताना गाडीत आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना चांगल्या नाड्या घेऊन दे. फारच सुटत होत्या बिचाऱ्यांच्या." आणि खिडकीकडे तोंड करून हसली.

तुमची,
साताऱ्याच्या बाईंची मुलगी