व्यंकटेशला पत्र: थरथरता हात आणि लाकडी ठोकळा

नवी पेठ, सोलापूर

प्रिय व्यंकटेश,

सप्रेम नमस्कार. गड्ड्याच्या जत्रेला येतो म्हणालास आणि यंदाही भिवंडीतच राहिलास. शेंगाचटणीची बरणी तुझ्या नावाने ठेवली होती, ती आता अर्धी झाली. दोष माझा नाही.

तू विचारलंस, घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करतोस काय? महिनाभर तोच विचार होता. दिवाळीनंतर एचएमटी जनता, चावीचं मनगटी घड्याळ, आलं, गिऱ्हाइकाच्या वडिलांचं. चिमट्यात बॅलन्स, म्हणजे आतलं डोलणारं चाक, धरला, हात थरथरला आणि त्याची केसासारखी हेअरस्प्रिंग अशी वेडीवाकडी झाली की सरळ करता करता आणखी बिघडली. दुकानात बसल्यापासून पहिल्यांदा "जमलं नाही" म्हणालो. तो बिचारा काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

डॉक्टरांनी तपासलं. मांडीवर हात शांत, काम धरलं की थरथर, म्हणजे बहुधा पार्किन्सन नाही. थोडी थरथर तर धडधाकट माणसाच्या हातातही असते, म्हणे, सेकंदाला आठ ते बारा वेळा. जनताचा बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. माझा हात घड्याळाच्याही पुढे धावतोय!

मग भाच्याने मोबाइलवर थरथर आवरणारी यंत्रं दाखवली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या यंत्रात डॉक्टर आणि रोबो शस्त्रक्रियेचं एकच हत्यार धरतात. हात किती जोर लावतोय ते सेन्सर ओळखतो आणि यंत्र त्या दिशेला सावकाश सरकतं. बारीक थरथर त्यात विरून जाते. मला पटलं ते हे, की हात डॉक्टरचाच राहतो. ऑक्सफर्डला २०१६ साली डोळ्याच्या आत रोबोने शस्त्रक्रिया झाली, तिथे मात्र डॉक्टर जॉयस्टिक हलवतात आणि सुई त्याहून कितीतरी कमी सरकते. थरथरत्या हाताने जेवायचा चमचाही आहे, हात इकडे गेला की मोटर चमचा तिकडे नेते. तो बनवणारी कंपनी २०१४ साली गूगलने घेतली.

पण माझं मन जपानच्या डेन्सो कंपनीने केलेल्या हाताच्या आधारात अडकलं. मेंदूच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर त्यावर हात टेकवतात. हात हलला की आधार मागोमाग येतो, थांबला की तिथेच थांबून हाताचं वजन पेलतो. बघता बघता तुझे अप्पा आठवले. अशोक चौकातल्या मागावर तुटलेला धागा सांधताना ते कोपर आधी फणीच्या चौकटीवर टेकायचे, मगच बोटं चालायची. आपण हसायचो, म्हातारा झोपला म्हणून.

ही यंत्रं माझ्या खिशाबाहेरची. मी सुताराकडून सागवानी ठोकळा करून घेतला, वर चादरीचा तुकडा चिकटवला. मनगट त्यावर, करंगळी टेबलावर, स्क्रू घट्ट करताना श्वास रोखायचा. सकाळी चहाआधी बारीक काम, दुपारी फक्त सेल आणि पट्टे. थरथर गेली नाही, पण मागच्या आठवड्यात दोन घड्याळं चालू केली. तिसरं नाकारलं.

ते जनता अजून डबीत आहे. गिऱ्हाइकाला सांगितलंय, महिनाभर थांबा. तू मुंबईला जातोसच, तर चोरबाजारात जनताचा बॅलन्स स्प्रिंगसकट मिळतो का बघ. मिळाला तर कापसात गुंडाळून डबीत आण. खिशात टाकू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या